मेल्यावर हलायचं नाही

माझ्या पहिल्या सिनेमात मी मेले तेव्हा मला गाढ झोप लागली होती. लोकांना वाटतं, मी विनयानं असं सांगते. विनय माझ्या अंगात कधीच नव्हता, आमच्या घरात कुणालाही विचारा.

आत्या स्टुडिओच्या शिवणखात्यात होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आमच्याकडेच राहायची, आणि घरातल्या प्रत्येकाच्या कपड्यांबरोबर प्रत्येकाचं वागणंही मापात आहे की नाही ते बघायची. आई इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डमध्ये नर्स होती. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. शाळेला सुटी आणि आईची ड्यूटी एकाच दिवशी आली की मला ठेवायचं कुठे हा प्रश्न पडायचा, कारण मी फार बोलायचे. बाबांच्या दुकानात तर मला बंदीच होती. मी बोलायला लागले की त्यांच्या चिमट्यातून एखादी बारीक स्प्रिंग उडायची, आणि मग आम्ही दोघं जमिनीवर रांगत ती शोधत बसायचो. तेव्हा आत्याच मला बरोबर न्यायची.

शिवणखातं म्हणजे एक लांबट खोली. खिडकीखाली मशीनची रांग आणि समोरच्या भिंतीला टेकून कपड्यांचे ढीग. एका ढिगात शिपायांचे कोट, एकात राण्यांचे झगे, एकात भिकाऱ्यांचे सदरे. हे सदरे आधी नवे कोरे शिवायचे आणि मग दगडावर घासघासून फाडायचे. आत्याला त्याचं फार वाईट वाटायचं. मला राण्यांचा ढीग आवडायचा. त्यावर आडवं पडून मी बोलत राहायचे, मशीनची घरघर चालू असायची, आणि बोलता बोलता मला झोप लागायची.

त्या दिवशी शेजारच्या सेटवर एक मुलगी काही केल्या मरत नव्हती. म्हणजे मरायची तिची तयारी होती, पण चेहऱ्यावर चादर आली की तिला हसू फुटायचं. चादर हलायची, सगळ्यावर पाणी पडायचं, पुन्हा पहिल्यापासून. त्या सिनेमाच्या दिग्दर्शकांना सगळे 'हळूहळू' म्हणायचे, कारण प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते तो शब्द लावायचे. घाई करा हे सांगतानासुद्धा. ते डोकं धरून बाहेर आले, शिवणखात्याच्या दारात उभे राहिले आणि त्यांना राण्यांच्या झग्यांवर पसरलेली मी दिसले.

"ही कोण?"

"माझी भाची," आत्या तोंडातल्या टाचण्या सावरत म्हणाली. "आत्ता कुठे गप्प झालीये. उठवू नका."

"उठवायचं नाहीच आहे," ते म्हणाले. "तशीच उचलून आणा. हळूहळू."

मला पलंगावर ठेवलं, माझ्यावर चादर ओढली, एक बाई माझ्यावर पडून हंबरडा फोडून रडली, आणि मला पत्ता नाही. जाग आली तेव्हा माणसं टाळ्या वाजवत होती आणि कुणीतरी माझ्या हातात बिस्किटांचा पुडा दिला. मी लगेच बोलायला लागले. तोवर कॅमेरा बंद झाला होता.

त्या धंद्याची एक रीत आहे. तुम्हाला एक गोष्ट चांगली जमली की पुढे तुम्हाला तेवढीच करायला लावतात. चहा देणारा नट आयुष्यभर चहा देतो, दार उघडणारी नटी दारच उघडते. मी मरणारी मुलगी झाले. "मरायला मुलगी हवी असेल तर शिवणखात्यात विचारा," असं कामं लावून देणारे लोक एकमेकांना सांगायचे. आत्याला हे ऐकून अभिमान वाटावा की चिडावं हे ठरवता यायचं नाही, म्हणून ती दोन्ही करायची.

दर वेळी झोप थोडीच लागणार? मग मी शिकले. छाती हलू द्यायची नाही, पोटानं श्वास घ्यायचा, आणि मोठा श्वास हवा असेल तेव्हा रडणारी आई अंगावर पडेपर्यंत थांबायचं. त्या झटापटीत कुणाला कळत नाही. पापण्या मिटल्या तरी आतली बुबुळं हलतात आणि बाहेरून दिसतात, म्हणून आतल्या आत नाकाच्या शेंड्याकडे बघत राहायचं. माशी बसली तर बसू द्यायची. आणि सगळ्यांत मोठा नियम हळूहळूंनी स्वतः माझ्यासमोर उकिडवं बसून सांगितला होता: "बाळ, मेल्यावर हलायचं नाही. छत कोसळलं तरी मी 'कट' म्हणेपर्यंत हलायचं नाही." एकदा दिव्याचा गोळा माझ्या डोक्याशी फुटला. काचा उडाल्या, कॅमेऱ्यामागची माणसं पळाली. मी हलले नाही. स्टुडिओत ही गोष्ट पुढे बरीच वर्षं सांगत.

माझ्या मरणाला दोन माणसं ठरलेली असायची. एक आईचं काम करणारी बाई. तिला ग्लिसरीन लागायचं नाही. तिच्या पाठीमागे तिला सगळे 'धबधबा' म्हणायचे. फार प्रेमळ होती, पण वजनदार होती आणि तिची आसवं थेट माझ्या कानात जायची. दुसरे डॉक्टरकाका. त्यांनी जन्मात डॉक्टरखेरीज दुसरं काम केलं नव्हतं. स्टेथोस्कोप त्यांचा स्वतःचा होता, काळी बॅगही स्वतःची. बॅगेत डबा आणि घोरताना गळ्याशी गुंडाळायचा मफलर असायचा. त्यांच्या गल्लीतली माणसं त्यांना थांबवून जीभ दाखवायची, आणि तेही बघायचे. "पाणी भरपूर प्या," म्हणायचे. त्यांचं काम ठरलेलं: माझी नाडी बघायची, चष्मा काढायचा, सुस्कारा सोडायचा आणि चादर वर ओढायची. वाक्यं फारशी नसायची. ते ह्याला 'चार घरं' म्हणायचे. "पेशंट," ते मला म्हणायचे, "आपण दोघं डोळे मिटून ही चार घरं खेळू शकतो."

"मी तर डोळे मिटूनच खेळते," मी म्हणायचे.

पण मला एकच दुःख होतं. मला बोलायला मिळायचं नाही. घरात माझ्या तोंडाला कुलूप नव्हतं आणि पडद्यावर किल्ली सापडत नव्हती. फार तर मरताना एकदा "आई" म्हणायचं, तेही काही सिनेमांत नंतर दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात यायचं. आणि मध्यंतरापर्यंत माझा खेळ खलास. नंतरच्या अर्ध्या भागात बाकीचे माझ्या फोटोकडे बघून भांडायचे, समेट करायचे, सूड घ्यायचे. मला त्या अर्ध्या भागात जायचं होतं.

आणि आईला मी ह्या सगळ्यातूनच बाहेर पडलेली हवी होते.

आई माझा पहिला सिनेमा बघायला गेली आणि चादर वर आल्याबरोबर बाहेर जायला उठली. बाबा म्हणाले, "अगं, खोटं आहे. ती बघ, तुझ्या शेजारी बसून खुर्ची खरवडतीये." मी खरंच खुर्चीच्या हातावरचा रंग खरवडत होते. आई म्हणाली, "मला माहितीये खोटं आहे. पण वॉर्डमध्ये बघते तेवढं मला पुरे आहे." आणि ती बाहेर निघून गेली. त्यानंतर तिनं एकही सिनेमा बघितला नाही. मी काही बोलायला गेले की विषय बदलायची. शेवटी एकदा मी खोकले, साधी खोकले, आणि तिनं मला असं काही जवळ ओढलं की माझ्या हातातलं दूध तिच्या युनिफॉर्मवर सांडलं. त्याच रात्री जेवताना तिनं जाहीर केलं: "पुढच्या कामात ही जगणार असेल तर करू दे. पुन्हा मेली तर हे सगळं बंद. मी सांगून ठेवते."

"तिच्या हातात आहे का ते?" आत्या म्हणाली.

"नसेल तर आणखीच बंद," आई म्हणाली.

टेलिव्हिजन तेव्हा नवा होता. त्यांच्याकडून नाटकाचा निरोप आला तेव्हा आत्यानं सर्वांत आधी विचारलं, "मुलगी जगते का?" निरोप आणणारा माणूस गडबडला. त्यानं कागद चाळले आणि सांगितलं, जगते, बरी होते, आणि त्यानंतर पुढचं सगळं नाटक तिच्याच तोंडी आहे. मी आत्याला मिठी मारली. तिच्या पदराला सुई होती. ती मला टोचली आणि मी तेवढ्यावरही बोलत सुटले.

नाटक असं होतं: मुलगी तापानं फणफणलेली. वेगळे राहणारे आईबाप तिच्या उशाशी एकत्र आलेले. डॉक्टर नाडी बघतात, "धोका टळला," म्हणतात, चादर गळ्यापर्यंत सारखी करतात. बाप विचारतो, "बाळ, काय खाशील?" मुलगी डोळे उघडून म्हणते, "सूप. पण तुम्हा दोघांच्या मध्ये बसून." मग ती उठून बसते आणि बोलून बोलून दोघांना जेरीला आणते, शेवटी ते समेट करतात. माझ्या मते दुसरा काही उपायच नव्हता त्यांना.

डॉक्टर म्हणून डॉक्टरकाका आणि आई म्हणून धबधबा. आजारी मुलाची त्यांना सवय आहे, म्हणून त्यांना घेतलं, असं निर्मात्या बाई म्हणाल्या. ह्या बाई तरुण होत्या, कानाला हेडफोन लावून काचेच्या खोलीत बसायच्या आणि कधीही आवाज चढवायच्या नाहीत. बापाचं काम रंगभूमीवरच्या एका बुजुर्ग नटाकडे होतं. ह्यांची ख्याती अशी, की नाटक चालू असताना मागचा पडदा पेटला होता तरी त्यांनी आपलं वाक्य सोडलं नव्हतं.

टेलिव्हिजनचं नाटक तेव्हा थेट जायचं. घडत असतानाच घरोघरी दिसायचं. पुन्हा घ्यायचं नाही, साठवून ठेवायचं नाही. सेटवर कुणी बोलायचं नाही, म्हणून एक माणूस कॅमेऱ्याशेजारी उभा राहून नुसते हातवारे करायचा. दोन्ही हातांनी रबर ताणल्यासारखं केलं की सावकाश, बोट गरगर फिरवलं की आवरा. आणि फारच घोटाळा झाला तर काचेच्या खोलीतून एक कळ दाबायचे, मग घरोघरी फुलदाणीचं चित्र दिसायचं आणि संगीत लागायचं. ती फुलदाणी सगळ्यांच्या ओळखीची झाली होती. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे टीव्ही होता आणि त्या म्हणायच्या, "कार्यक्रमापेक्षा फुलदाणीच जास्त वेळ बघितली मी."

तालमी एका रिकाम्या वर्गात झाल्या. मी बाकावर निजायचे, डॉक्टरकाका हवेतच चादर सारखी केल्यासारखं करायचे आणि "धोका टळला" म्हणायचे. सगळं सुरळीत. खऱ्या सेटवर एकदा पूर्ण तालीम व्हायची होती, पण एका कॅमेऱ्यात काहीतरी बिघडलं आणि तो वेळ त्याच्या पोटात डोकं घालण्यात गेला. त्यामुळे पलंग, उशी आणि खरी चादर आमच्या तिघांच्या वाट्याला आली ती थेट प्रक्षेपणातच.

संध्याकाळी खालच्या काकूंकडे सगळी चाळ गोळा झाली. आईसुद्धा गेली. पुढच्या रांगेत बसली आणि शेजारणीला म्हणाली म्हणे, "आज जगणार आहे."

इकडे लाल दिवा लागला. धबधबा उशाशी बसली. नाटकवाले बाप पायाशी उभे. मी नेहमीसारखी पडून होते, म्हणजे उत्तम. पोटानं श्वास, आतल्या आत नाकाच्या शेंड्याकडे नजर. पावलं वाजली, बॅग स्टुलावर ठेवल्याचा आवाज आला, डॉक्टरकाकांची गार बोटं माझ्या मनगटावर टेकली. आता ते म्हणणार, धोका टळला.

ते काही म्हणाले नाहीत. मला चष्म्याची दांडी मिटल्याचा 'टक्' ऐकू आला. मग सुस्कारा. मग चादर हनुवटीवरून गेली, ओठांवरून गेली, नाकावरून गेली आणि अंधार झाला.

चार घरं खेळून झाली होती.

मला अजून वाटलं, होईल काहीतरी. तेवढ्यात धबधबा कोसळली. तिलाही दोष देता येत नाही, चादर वर गेली की तिचं आपोआप सुरू व्हायचं. "माझं लेकरू!" तिनं टाहो फोडला आणि सगळं वजन माझ्यावर टाकलं. तिच्या हुंदक्यांच्या मधल्या जागेत मला डॉक्टरकाका अगदी हळू आवाजात पुटपुटलेले ऐकू आले.

"मेलो!"

म्हणजे त्यांना कळलं होतं. बाहेर काय चाललं होतं ते मला आत्यानं नंतर सांगितलं. ती भिंतीच्या मागे, सुईदोरा घेऊन उभी होती. हातवारेवाल्यानं आधी रबर ताणलं, मग बोट फिरवलं, मग दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं, ज्याला त्या भाषेत काही अर्थ नव्हता. काचेच्या खोलीत एकजण फुलदाणीच्या बटणावर बोट ठेवून बाईंकडे बघत होता. आणि मला हातवारे करून उपयोग नव्हता, मी चादरीखाली होते.

माझ्यापुढे मोठाच पेच. मी मेलेली होते आणि मेल्यावर हलायचं नाही. 'कट' कुणी म्हणणार नव्हतं, थेट प्रक्षेपणात तो शब्दच नसतो. उद्यापासून स्टुडिओ बंद, शिवणखातं बंद, आणि माझी सगळी पाठ केलेली वाक्यं माझ्याबरोबर चादरीत गेली. मला रडू यायला लागलं. पण मेलेल्यानं रडायचंही नसतं.

तेवढ्यात पायथ्याकडून आवाज आला. भारदस्त, प्रत्येक अक्षर स्वच्छ.

"बाळ, काय खाशील?"

नाटकवाले! त्यांचं वाक्य आलं होतं आणि ते त्यांनी म्हटलं. समोर मुलगी जिवंत आहे की नाही हा त्यांचा प्रश्न नव्हता. धबधब्याचं रडणं मध्येच थांबलं. ते पुन्हा म्हणाले, ह्या वेळी शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं:

"बाळ! काय खाशील?"

मला विचारलं होतं. विचारल्यावर गप्प बसणं माझ्या स्वभावात नव्हतं. आणि मला अचानक सुचलं, की हळूहळूंनी हलायचं नाही असं सांगितलं होतं. बोलायचं नाही असं कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

"सूप," मी चादरीखालून म्हणाले. "पण आधी कुणीतरी ही चादर काढा. मला हलायची परवानगी नाही."

धबधबा किंचाळली. इतकी वर्षं ती पडद्यावर किंचाळली, पण तशी किंचाळी तिला पुन्हा कधी जमली नाही. ती पलंगावरून उठायला गेली आणि खालीच बसली. डॉक्टरकाकांनी चादर ओढून काढली, तीही पार पायापर्यंत. मी डोळे उघडले. घामानं डबडबलेले डॉक्टरकाका माझ्यावर वाकले होते.

"हा..." त्यांनी चष्मा घातला. "हा नवीन उपचार आहे. चादरीखाली घाम येतो. घामानं ताप उतरतो."

"मग आई का रडत होती?" मी विचारलं. हे वाक्य नाटकात नव्हतं, पण मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आनंदानं गं, सोने!" धबधबा जमिनीवरून म्हणाली.

"एवढ्या?"

नाटकवाले हसले. बापानं तिथे हसायचं नव्हतं, पण ते असे हसले की आत्याला भिंतीमागे पदर तोंडात कोंबावा लागला. तिकडे हातवारेवाला भानावर येऊन पंख्यासारखं बोट फिरवत होता. आमचा बराच वेळ मरणात गेला होता. मग मी सुटले. ज्या पोरीला घरी 'जरा दमानं' असं उठता बसता ऐकावं लागतं, तिला कुणीतरी 'आणखी जोरात' म्हणतंय! मी समेट असा झपाट्यानं घडवून आणला, की धबधब्याला आणि नाटकवाल्यांना नुसत्या माना डोलवायला वेळ मिळाला. दिवा विझला तेव्हा नाटक वेळेत संपलं होतं.

निर्मात्या बाई लोखंडी जिन्यानं खाली आल्या. डॉक्टरकाकांसमोर उभ्या राहिल्या.

"चादर?" त्या म्हणाल्या.

"सवय," डॉक्टरकाका म्हणाले.

बाईंनी डोळे मिटले, उघडले आणि माझ्याकडे वळल्या. फोन वाजायला लागले होते. काही लोकांना तो चादरीचा उपचार कुठे मिळतो ते हवं होतं. बाकीच्यांना ही बोलणारी मुलगी पुन्हा कधी दिसणार ते हवं होतं. बाई म्हणाल्या, दर आठवड्याला एक मालिका करायची आहे, त्यात एक वटवटी मुलगी आहे, करशील का?

"आईला विचारावं लागेल," मी म्हणाले. "पण मी जगले, म्हणजे ती हो म्हणेल."

मी काय सांगत होते आणि घरी काय झालं होतं! चाळीच्या दारातच मला बाबा भेटले आणि त्यांचा चेहरा पडलेला होता. चादर नाकावर आली तशी आई उठली होती. चपला घातल्या आणि वर निघून गेली. मी "सूप" म्हणाले तेव्हा काकूंकडे असा आरडाओरडा झाला की टीव्हीवरचं घड्याळ खाली पडलं. बाबा जिन्याच्या तळाशी धावले आणि ओरडले, "अगं, उठली! बोलतीये!" पण आईनं दार लावून घेऊन नळ सोडला होता.

"सांगा ना तिला," मी म्हणाले.

"सगळ्या चाळीनं सांगितलं. म्हणते, तुम्ही माझी समजूत काढताय."

आणि दाखवणार काय? जे गेलं ते गेलं. ते पुन्हा कुठेच दिसणार नव्हतं.

आत्या आणि मी वर गेलो. आमच्या मागे डॉक्टरकाकाही आले. मी स्वतः समजावतो, असा त्यांचा हट्ट. आईनं दार उघडलं, मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मग त्यांच्याकडे.

"तुम्हीच ते?"

"हो. मीच तो."

"कुठल्या इस्पितळात असता?"

"कुठल्याच नाही."

"बरं आहे," आई म्हणाली.

डॉक्टरकाका ओशाळले आणि ओशाळून त्यांनी चष्मा काढला. "तो आधी घाला!" आई अशी ओरडली की आमच्या मागे जिन्यावर जमलेली चाळ दोन पायऱ्या खाली सरकली.

"वहिनी," आत्या म्हणाली, "ती तुझ्यासमोर उभी आहे. आणखी काय पुरावा हवा तुला?"

"समोर तर ती नेहमीच उभी असते. मला सांगितलं होतं, तिथे उठेल. मी तेवढ्यासाठी गेले होते."

मग आत्या आत गेली आणि आईबाबांच्या पलंगावरचं सामान उचलायला लागली. मला कळलं. मी जाऊन निजले. आत्या नाटकवाले झाली, पायाशी कमरेवर हात ठेवून उभी. धबधब्याची जागा बाबांनी घेतली. त्यांना रडायचं कसं ते समजेना, म्हणून ते नाक ओढत बसले. डॉक्टरकाका बॅग घेऊन आले. त्यांनी माझी नाडी बघितली आणि चादरीला हात घातला.

"थांबा," आई म्हणाली. "तुमचं खरं वाक्य काय होतं?"

"धोका टळला."

"मग ते म्हणा आधी."

"धोका टळला," डॉक्टरकाका म्हणाले. आई दाराच्या चौकटीला टेकली होती, तिथेच राहिली. डॉक्टरकाकांनी तिच्याकडे बघत, परवानगी मागितल्यासारखं, चादर वर ओढली. माझ्यासाठी पुन्हा अंधार. आत्यानं घसा साफ केला. "बाळ, काय खाशील?"

"सूप," मी म्हणाले. "पण आधी कुणीतरी ही चादर काढा. मला हलायची परवानगी नाही."

चादर निघाली. पण डॉक्टरकाकांचे हात लांब होते. चादर आईच्या हातात होती. ती कधी चौकटीपासून पलंगापर्यंत आली, मला ऐकूच आलं नव्हतं. वॉर्डमधल्या रबरी तळव्यांच्या चपला होत्या तिच्या पायात.

"ऊठ," ती म्हणाली.

मी उठून बसले.

"परत नीज. परत ऊठ."

मी पुन्हा निजले, तिनं स्वतः चादर ओढली, स्वतः काढली, मी उठले. मग पुन्हा. बाबा नाक ओढायचं विसरले होते. मला पुढची वाक्यं म्हणायची होती, पण ती काही मला तिथून पुढे जाऊ देईना. शेवटी मी म्हणाले, "आई, ह्याच्या पुढेही नाटक आहे! चांगलं मोठं आहे!" आणि ती चादर हातात घेऊन पलंगाच्या कडेला बसली आणि इतका वेळ हसली की जिन्यावरच्यांनी आत डोकावून विचारलं, कोण आजारी आहे.

मग तिनं सगळं नाटक ऐकलं. नाटकवाल्यांची वाक्यं आत्याला पाठ होती, ह्याचं कुणालाही आश्चर्य वाटलं नाही.

मालिकेला तिनं हो म्हटलं, पण अटी घातल्या. गोष्ट आधी तिला वाचायला द्यायची. डॉक्टरकाका चालतील, पण त्यांना पोस्टमन किंवा मास्तर करायचं. निर्मात्या बाईंनी त्यांना पोस्टमन केलं. पहिल्या काही भागांत ते पत्र देण्याआधी माझी नाडी बघायचे. मग ती सवय सुटली आणि ते सायकलवर फार खुलून दिसायला लागले.

आई दर आठवड्याला काकूंकडे पुढच्या रांगेत बसायची. एकदा मालिकेत मला सर्दी झाली. साधी सर्दी, दोन शिंका. भाग संपायच्या आत काचेच्या खोलीत फोन वाजला.

"गोष्टीत हे पान नव्हतं," आई म्हणाली. "पुढे काय होतं ते आत्ता सांगा."

"काही नाही हो," निर्मात्या बाई म्हणाल्या. "दोन भागांत बरी होते."

"एका भागात करा," आई म्हणाली. आणि त्यांनी केली.